व्यायामाला मनच तयार होत नाही, सुरुवात कुठून करू?

दादा, दिवसभराचा क्रम सविस्तर लिहिलात ते फार बरं केलंत. नुसतं ‘आळस आलाय, उपाय सांगा’ म्हणाला असता तर मलाही वरवरचंच उत्तर द्यावं लागलं असतं. बाकीच्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. वय ४४. लक्ष्मीपुरीत धान्याच्या पेढीवर हिशेबाचं काम, सकाळी दहा ते रात्री आठ खुर्चीत. फुलेवाडीहून मोटरसायकलनं जाणं-येणं. विशीत तालमीत जात होता, लग्नानंतर ते सुटलं. आता पोट सुटलंय, जिना चढताना धाप लागते आणि परवाच्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्ताची चाचणी, ६.१ आलीय. दोनदा जिमची वर्षाची फी भरली आणि दोन्ही वेळा पंधरा-वीस दिवसांत जाणं थांबलं. शेवटी तुम्ही लिहिलंय, “मॅडम, कळतंय सगळं, पण मनच तयार होत नाही. रोज दहा हजार पावलं चाला म्हणतात, ते कसं जमवायचं? मन तयार व्हायला काय करू?”

मी कोल्हापुरात फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते. कंबर, मान, गुडघे घेऊन येणाऱ्या निम्म्याहून जास्त माणसांच्या दुखण्याच्या मुळाशी हाच प्रश्न असतो. त्यामुळे आधी एक गोष्ट ठामपणे सांगते. तुम्ही आळशी नाही. दहा-दहा तास मान मोडून हिशेब जुळवणाऱ्या माणसाला आळशी म्हणायला माझी जीभ वळत नाही. तुमच्या पत्रात मला तीन वेगवेगळे गुंते दिसतात आणि तुम्ही त्या तिघांना मिळून ‘आळस’ म्हणताय. एक म्हणजे दिवसभराचं बसणं. दुसरा, व्यायाम कशाला म्हणायचं याचं तुमच्या डोक्यातलं माप अजून तालमीतलंच आहे. तिसरा, मन तयार होण्याची तुम्ही वाट बघताय.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण खरी अडचण तिथेच आहे. मन आधी तयार होतं आणि मग माणूस व्यायामाला लागतो, असं मी फार क्वचित पाहिलंय. बहुतेकांच्या बाबतीत क्रम उलटा असतो. आधी माणूस थोडा हलायला लागतो. पंधरा दिवसांत झोप जरा गाढ लागते, संध्याकाळी पाय जड होत नाहीत, जिना चढून गेल्यावर दारातल्या माणसाशी नीट बोलता येतं. हे जाणवायला लागलं की मन आपोआप त्यात गुंततं. म्हणून सुरुवात इतकी लहान ठेवायची की तिला मनाची परवानगी लागूच नये. जिममध्ये तुमचं नेमकं उलटं झालं. दिवसभर काम करून थकलेल्या माणसानं रात्री साडेआठला कपडे बदलायचे, गाडी काढायची, अनोळखी यंत्रांवर तासभर घाम गाळायचा आणि साडेदहाला जेवायचं. असा बेत रोज निभवायला मन पहाडासारखं लागतं. तो मोडला यात नवल काहीच नाही.

आता बसण्याबद्दल. हे मी व्यायामापासून मुद्दाम वेगळं काढते. १९५३ मध्ये लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. बस तीच, रस्ते तेच. फक्त चालक दिवसभर बसून आणि वाहक तिकिटं देत जिन्यावरून सारखे वर-खाली. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापं तपासली, तेव्हा चालक मुळातच कंबरेनं जाड होते असंही दिसलं. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. पण नंतरच्या अनेक अभ्यासांची दिशा तीच निघाली. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की त्या वाहकांपैकी कुणी व्यायाम म्हणून जिना चढत नव्हता. ते त्यांचं कामच होतं.

तुमच्या ६.१ शी याचा थेट संबंध आहे. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. जेवणानंतर रक्तात येणारी साखर सगळ्यात जास्त उचलतात ते स्नायू, आणि त्यातही मांड्या-नितंबांचे मोठे स्नायू. हे स्नायू काम करत असले की इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर आत घेतात. तुम्ही दुपारी डबा खाऊन सरळ खुर्चीत बसता तेव्हा, तुमच्या बाजाराच्या भाषेत सांगायचं तर, माल उतरलाय आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईकच आज आलेलं नाही. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जाड अंगाच्या माणसांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. दर २० मिनिटांनी फक्त २ मिनिटं चालायला लावलं, तेही रमतगमत, तरी सलग बसण्याच्या तुलनेत जेवणानंतरची साखर स्पष्टपणे कमी राहिली. यासाठी घाम काढायची गरज नाही, कपडे बदलायची नाही, मालकाची परवानगीही लागत नाही.

दर २० मिनिटांनी पेढीवर जमणार नाही, हे मला कळतं. पाऊण तासानं उठलात तरी चालेल. पण घड्याळाच्या भरवशावर राहू नका. गुजरीतले एक सोनार माझ्याकडे कंबरेसाठी येत होते. दिवसभर मांडी घालून, पुढे वाकून काम. आधी मोबाईलवर गजर लावला. दोन-चार दिवसांत तो वाजला की बंद करायची सवय लागली. मग त्यांनी पाण्याचा तांब्या हाताशी ठेवायचा सोडून दुकानाच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवला. तहान लागली की उठायचं, चार पावलं टाकायची, उभ्यानं पाणी प्यायचं, परत यायचं. हे मात्र टिकलं. तहान काही बंद करता येत नाही. तुमच्याकडे असे खुंटे भरपूर आहेत. फोन आला की उभं राहूनच बोलायचं. चहा टेबलावर न मागवता टपरीपर्यंत जाऊन प्यायचा. गोदामातून काही विचारायचं असेल तर पोऱ्याला न पाठवता स्वतः जायचं. आणि डबा खाल्ल्यावर दहा मिनिटं बाजारातून एक फेरी, हे मात्र चुकवू नका. शक्य असेल तर मोटरसायकल दारात न लावता बिंदू चौकाच्या बाजूला लावा. जाता-येता तेवढं चालणं फुकटात होतं आणि लक्ष्मीपुरीत गाडी लावायला जागा शोधण्याचा वैतागही वाचतो.

आता तालमीच्या मापाबद्दल. कोल्हापूरच्या पुरुषांमध्ये ही गोष्ट मला फार दिसते आणि तिचं मला खरंच वाईट वाटतं. शाहू महाराजांच्या काळापासून या गावाच्या अंगात मेहनत भिनलीय. खासबाग मैदान, पेठापेठांतल्या तालमी, हे सगळं अभिमानाचंच आहे. पण ज्यानं विशीत रोज शेकड्यानं बैठका मारल्या, त्याला चाळिशीत दहा मिनिटं चालणं हा व्यायामच वाटत नाही. ‘घाम गळला नाही तर कसला व्यायाम?’ मग तो एक तर काहीच करत नाही, नाहीतर एखाद्या सोमवारी एकदम दोनशे बैठका काढतो. डोकं विसरलेलं नसतं, पण स्नायूंना वीस वर्षांत सवय राहिलेली नसते.

याचा परिणाम काय होतो ते स्पष्ट सांगते. सवय नसताना एकदम जोर दिला की दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. मांड्या भरून येतात, संडासला बसणं मुश्कील होतं, आणि तिसऱ्या दिवशी जिमला जायला पाय निघत नाहीत. पुष्कळांचा व्यायाम इथेच सुटतो, आणि मला वाटतं तुमचाही इथेच सुटला असणार. क्वचित याहून गंभीरही होतं. पन्नाशीतले एक माजी मल्ल मुलासोबत पैजेनं बैठका मारून दोन दिवसांनी माझ्याकडे मालिश विचारायला आले. मांड्या टणक सुजलेल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद. मी त्यांना हात न लावता तडक दवाखान्यात पाठवलं. स्नायू इतके फाटले होते की त्यातली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडावर ताण आला होता. सलाईनवर काही दिवस काढून ते बरे झाले. पण हे लक्षण माहीत असू द्या: अतिमेहनतीनंतर लघवी गडद झाली तर मालिश नाही, शेक नाही, थेट डॉक्टर.

तुमच्या वस्तादांनी नव्या पोराला पहिल्या दिवशी किती बैठका दिल्या होत्या, ते आठवून बघा. कुठलाही जाणता वस्ताद नव्या पोराला आधी माती खणायला लावतो, थोडक्या जोर-बैठका देतो आणि अंग तयार होईल तसं वाढवत नेतो. आज तुम्ही पुन्हा नवे आहात. स्वतःला तोच नियम लावा.

तुमचं अंग आज नेमकं कुठं आहे, हे घरीच कळेल. हात नसलेली साधी खुर्ची घ्या, जमिनीपासून साधारण १७ इंच उंच. मागे भिंतीला टेकवा, म्हणजे सरकणार नाही. मध्यावर बसा, पावलं जमिनीवर सपाट, दोन्ही हात छातीवर आडवे. वहिनींना घड्याळ लावायला सांगा आणि ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पूर्ण बसणं किती वेळा होतं ते मोजा. हातानं आधार घेतला तर ती खेप धरायची नाही. ही चाचणी मुळात ज्येष्ठांसाठी आहे. ६० ते ६४ वयाच्या पुरुषाला १४ पेक्षा कमी आलं तर ते सरासरीच्या खाली समजतात. तुमच्या वयाला याहून बरंच जास्त यायला हवं. बसून काम करणारे चाळिशीतले पुरुष माझ्याकडे १२-१३ वर थांबलेले मी पाहिलेत. आकडा कमी आला तर खट्टू होऊ नका. वहीत तारीख घालून लिहून ठेवा.

पहिले पंधरा दिवस मी तुम्हाला दोनच गोष्टी सांगेन. पेढीवर वर सांगितल्याप्रमाणे उठणं, आणि रात्री जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत दहा मिनिटं चालणं. फुलेवाडीत घराजवळच्याच गल्लीत, वहिनींना सोबत घेऊन. यापेक्षा जास्त करावंसं वाटलं तरी या पंधरा दिवसांत करू नका. तुमच्यासारख्या माजी पैलवानाला थांबवणं मला सुरू करून देण्यापेक्षा अवघड जातं, म्हणून हे आवर्जून सांगते. चालायला कोल्हापुरी चप्पल नको. तळ सपाट आणि कडक, टाच बांधलेली नाही. रोजच्या भराभर चालण्यात टाच आणि पोटऱ्या दुखायला लागतात. साधे बूट पुरेत, महागडे घ्यायची गरज नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम घ्या, घरीच. त्याच खुर्चीवरून उठ-बस आठ वेळा, थोडं थांबून पुन्हा आठ. भिंतीला हात टेकून जोर, तेवढेच. ओट्याला धरून टाचा वर उचलणं, दहा-बारा वेळा. उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलणं. सगळं मिळून पंधरा मिनिटं. सलग दोन दिवस नाही, मध्ये किमान एक दिवस सोडा. दुसऱ्या दिवशी किंचित अंग दुखलं तर चालेल. जिना उतरताना कठडा धरावा लागला तर जास्त झालं, पुढच्या वेळी कमी करा. खुर्ची सोपी वाटायला लागली की अर्धी बैठक, मग पूर्ण. जोर भिंतीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून जमिनीवर. चार-पाच महिन्यांत तुम्ही पुन्हा खऱ्या जोर-बैठकांपर्यंत पोहोचाल. ज्याचं अंग एकदा घडलंय, त्याचे स्नायू कधीच मेहनत न केलेल्यापेक्षा लवकर परततात.

चालण्याचं अंतिम माप काय? जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शन आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल आणि किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम असं सांगतं. आधी अट होती की एका वेळी किमान १० मिनिटं झाली तरच धरायची. ती अट आता काढून टाकलीय. म्हणजे बिंदू चौकातून पेढीपर्यंतचं चालणंही हिशेबात येतं. मध्यम जोर म्हणजे सोबतच्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. आणि दहा हजार पावलांचं ओझं डोक्यावरून उतरवा. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकताना पुढे आला आणि सुटसुटीत असल्यामुळे जगभर रुळला. आज तुमची पावलं तीन हजार होत असतील, तर साडेचार-पाच हजारांवर जाणं हीच तुमच्या साखरेसाठी मोठी मजल आहे.

फायदा खरंच होतो का, हा प्रश्न मनात येणं साहजिक आहे. चेन्नईच्या संशोधकांच्या पुढाकारानं झालेला एक भारतीय अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमच्यासारख्याच, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांना रोज अर्धा तास चालणं आणि खाण्यात बदल एवढंच सांगून पाठपुरावा केला, तेव्हा तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास कमी झालं. ही आपल्याकडची, आपल्यासारखंच खाणारी-पिणारी माणसं होती, म्हणून हा अभ्यास मला जवळचा वाटतो.

वजनाबद्दल मात्र खोटी आशा दाखवणार नाही. तुमच्या अंगाच्या माणसाची अर्धा तास भराभर चालून सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च होते. रंकाळ्यावर फेरी मारून येताना मिसळ खाल्ली तर ती तिथेच भरून निघते, वर उरतेही. मिसळ बंद करा असं मी सांगत नाही, कोल्हापुरात राहून ते सांगण्यात अर्थही नाही. पण चालण्याचं बक्षीस म्हणून ती खाऊ नका. रविवारची वेगळी ठेवा. पहिले दोन-तीन महिने वजनकाट्यावर उभंच राहू नका. पोटाचा घेर बेंबीजवळ टेपनं मोजा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटीमीटरच्या आत तो हवा. काटा हलला नाही तरी घेर आणि साखर सुधारलेली मी अनेकदा पाहिलीय, आणि नुसत्या काट्याकडे बघून लोक नेमके तेव्हाच सोडून देतात.

सवय किती दिवसांत लागते, असंही विचारलंत. ‘२१ दिवस’ हा आकडा सोडून द्या. लंडनमध्ये यावर झालेल्या एका अभ्यासात लोकांना एखादी नवी गोष्ट अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. त्यात मला आवडलेली गोष्ट अशी की एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. तुम्ही जिममध्ये तीन दिवस चुकल्यावर ‘आता काय उपयोग’ म्हणून सोडलंत ना? इथे तसं करायचं नाही. काल चुकलं तर आज दहा मिनिटं, एवढंच. कालचं आज भरून काढायलाही जाऊ नका.

आणि माणसं सोबत घ्या. एकट्याचा निश्चय थकतो, पण कोपऱ्यावर कुणी वाट बघत उभं असेल तर पाय निघतात. तुमच्या कट्ट्यावर रात्री चार मित्र जमतात असं लिहिलंय. त्यातल्या दोघांना तरी उठवा. ज्या गप्पा बसून होतात त्या चालतही होतात. महिन्या-दोन महिन्यांनी सकाळी उठणं जमायला लागलं की रंकाळा तुमच्या दारातच आहे. पहाटे तिथे साठी-सत्तरीची मंडळी रोज ठरल्या वेळी भेटतात. त्यांच्यात ओळख झाली की एक दिवस गेला नाहीत तरी दुसऱ्या दिवशी चौकशी होते. संध्याकाळी मात्र तिथे भेळेच्या गाड्या आणि गर्दीच जास्त; भराभर चालायला ती वेळ उपयोगाची नाही.

सुरू करण्याआधी एकदा तुमच्या डॉक्टरांना भेटा, कारण काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. जिना चढताना लागणारी धाप बहुतेक वेळा सवय मोडल्यानं असते. पण तिच्यासोबत छातीत दाब येत असेल, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ येत असेल, चक्कर येत असेल, किंवा गेल्या काही आठवड्यांत धाप अचानक वाढली असेल, तर आधी हृदयाची तपासणी, मग चालणं. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर तेही सांगा. रक्तदाब मोजून घ्या. गुडघा चालताना दुखत असेल तर चालणं थांबवून बसू नका, कुणाला तरी दाखवा. बहुतेक वेळा मांडीचे स्नायू बळकट केल्यावर तो शांत होतो. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर चालण्याच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच ठरवा. चालताना खिशात साखर किंवा खडीसाखर असू द्या, आणि पायांना बधिरपणा असेल तर रोज रात्री तळवे बघा.

एचबीए१सी तीन महिन्यांनी पुन्हा करा. त्याआधी करून उपयोग नाही, कारण ती साधारण तेवढ्या काळाची सरासरी दाखवते. खुर्चीची चाचणीही त्याच आठवड्यात घ्या आणि वहीतल्या पहिल्या आकड्याशेजारी लिहा.

राहता राहिला पाऊस. जून-जुलैत आपल्याकडे आठ-आठ दिवस बाहेर पाऊल टाकवत नाही आणि पुष्कळांचं चालणं तिथे सुटतं ते थेट दिवाळीला आठवतं. त्या दिवसांत जेवणानंतरची दहा मिनिटं घरातच काढा. या खोलीतून त्या खोलीत, गॅलरीत, नाहीतर जिन्यावरून सावकाश वर-खाली. जागच्या जागी पावलं टाकत बातम्या बघितल्या तरी चालतात. लग्नसराई, आजारपण, पेढीवरचा मार्चअखेर अशा कारणानं दोन आठवड्यांचा खंड पडलाच, तर जिथे सोडलं तिथून सुरू करू नका. निम्म्यावर या आणि दोन आठवड्यांत पुन्हा वर चढा.